टीका करा, पण सामना बघून

गेल्या मोसमातला एक पराभव अजून माझ्या डोक्यातून जात नाही. हरलो म्हणून नव्हे, हरण्याची सवय आहे आम्हाला. दोनदा चेंडू गोलखांबाला लागून परत आला, एकदा त्यांच्या गोलरक्षकाने बोटांच्या टोकांनी तो वर ढकलला, आणि शेवटची सहा मिनिटं उरली असताना आमच्याच बचावपटूच्या पायाला लागून चेंडू जाळ्यात गेला. ०-१. मध्यंतरानंतर सुरू झालेला पाऊस शेवटपर्यंत थांबला नाही. सामना संपल्यावर आमची पोरं चिखलाने माखलेल्या गुडघ्यांनी आमच्या बाजूला आली, टाळ्या वाजवल्या आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी वाचली. मथळा होता ‘ड्रेसिंग रूममध्ये बंड?’, प्रश्नचिन्हासकट. त्याखाली आमच्या कर्णधाराचा मान खाली घातलेला मोठा फोटो आणि ‘खचलेला कर्णधार’ अशी ओळ. त्या फोटोकडे मी बराच वेळ बघत बसले. त्याची जर्सी कोरडी होती. गुडघे स्वच्छ होते. म्हणजे फोटो पूर्वार्धातला, ०-० असतानाचा. बहुधा बुटाची नाडी बांधायला वाकला असेल. आणि बंड? तर आमच्या एका खेळाडूला बदललं तेव्हा तो प्रशिक्षकांशी हात न मिळवता थेट बाकावर जाऊन बसला, एवढ्यावर ते बंड उभं होतं. तो लंगडत बाहेर आला होता, फिजिओ त्याला धरून आणत होता, हे ज्यांनी सामना पाहिला त्या सगळ्यांना दिसलं होतं.

त्या दिवशी मला जो संताप आला, तो फुटबॉलच्या कोणत्याही चाहत्याला सांगून समजेल. बाहेरच्यांना मात्र तो पोरकटपणा वाटतो. ‘तुमचा संघ हरला, पेपरवाल्यांनी लिहिलं, त्यात चिडायचं काय?’ असं ऐकून ऐकून कान किटले आहेत. म्हणून नीट सांगायला हवं. आमची तक्रार टीकेबद्दल नाही. आमच्या संघावर आमच्याइतकी टीका कोणीच करत नाही. बचावफळी किती वर येऊन खेळते, मधल्या फळीत कोण परत धावत नाही, पंचावन्नाव्या मिनिटाला करायचा बदल ऐंशीव्या मिनिटाला का होतो, यावर आम्ही आपसात रात्र रात्र भांडतो. तक्रार आहे ती खेळाचं माप सोडून माणसांच्या चारित्र्यावर निकाल देण्याबद्दल. संघ हरला, हे तथ्य. संघ वाईट खेळला, हे मत, आणि ते पुराव्यानिशी मांडता येतं. पण ‘यांना हरल्याचं काहीच वाटत नाही’, ‘यांच्यात फूट पडली आहे’, ‘यांचे चाहतेच असले’, हे आलं कुठून?

बरंचसं धंद्याच्या रचनेतून येतं. मैदानावर जाऊन सामना पाहणारा बातमीदार वेगळा आणि मथळा देणारा वेगळा, असं अनेकदा असतं. मी वाचलेल्या कित्येक बातम्या आतून समतोल असतात; पाचव्या परिच्छेदात गोलखांबाला लागलेले ते दोन फटकेही सापडतात. पण पाचव्या परिच्छेदापर्यंत पोचतं कोण? मथळा मात्र सगळ्यांपर्यंत पोचतो. त्यात मोठ्या संघाच्या पडझडीच्या बातमीला गिऱ्हाईक दुहेरी असतं. आपले चाहते चिडून ती उघडतात, समोरचे चाहते खूश होऊन उघडतात. दोन सामने हरले की ‘संकट’, तिसरा हरले की प्रशिक्षकांची ‘खुर्ची डळमळीत’. मग पत्रकार परिषदेत त्यांना त्या खुर्चीबद्दलच विचारायचं, आणि त्यांनी काहीही उत्तर दिलं तरी दुसऱ्या दिवसाची बातमी तयार.

पत्रकार परिषदेतल्या ‘ध’ चा ‘मा’ तर नेहमीचाच. प्रशिक्षक म्हणतात, ‘आज आम्ही दुसऱ्या गोलसाठी पुरेशी धडपड केली नाही, पण गेल्या दोन महिन्यांत या मुलांनी जे दिलंय त्याचा मला अभिमान आहे.’ संध्याकाळी फिरते ती बारा सेकंदांची क्लिप, ‘पुरेशी धडपड केली नाही’ इथे कापलेली. अभिमान कात्रीखाली गेला. वाक्य खोटं नाही, प्रत्येक शब्द त्यांच्याच तोंडचा आहे. म्हणून तर ते खोडून काढणं कठीण जातं.

इथपर्यंत कोणी म्हणेल की हे मनाला लावून घेण्याइतकं मोठं नाही. मग जरा मागे जाऊ.

१५ एप्रिल १९८९. शेफील्डचं हिल्सबरो मैदान, एफए कप या इंग्लिश स्पर्धेची उपांत्य फेरी, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. बाहेर गर्दी दाटल्यावर बंदोबस्ताच्या प्रमुख अधिकाऱ्याने बाहेर पडण्याचं एक मोठं फाटक उघडायला सांगितलं, पण आधीच भरून गेलेल्या, जाळीने बंदिस्त केलेल्या मधल्या कप्प्यांकडे जाणारा बोगदा बंद करायला कोणालाच सांगितलं नाही. माणसं आत ढकलली गेली आणि जाळीवर चिरडली. बळींचा आकडा आज ९७ आहे. फाटक चाहत्यांनीच जबरदस्तीने उघडलं, असं त्या अधिकाऱ्याने सामना थांबवल्यावर काही मिनिटांतच फुटबॉल संघटनेच्या माणसांना सांगितलं. ते खोटं होतं. चार दिवसांनी ‘द सन’ या ब्रिटिश वर्तमानपत्राने पहिल्या पानावर ‘सत्य’ असा मथळा देऊन छापलं की लिव्हरपूलच्या चाहत्यांनी मेलेल्यांचे खिसे चाचपले, पोलिसांच्या अंगावर लघवी केली, जीव वाचवू पाहणाऱ्या पोलिसाला मारलं. प्रत्यक्षात ते चाहते जाहिरातींच्या फळ्या उपटून त्यांच्या स्ट्रेचर करत होते आणि ओळखी-अनोळखी माणसांना उचलून मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडे धावत होते.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती टेलर यांच्या अंतरिम अहवालाने मुख्य कारण सांगून टाकलं होतं : पोलिसांचं नियंत्रण फसलं. पण जनमानसात जे रुजायचं ते रुजलं होतं. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीने कागदपत्रं बाहेर काढली तेव्हा समजलं की १६४ पोलिसांच्या जबाबांत मोठे फेरफार केले होते, आणि त्यांतल्या ११६ जबाबांतून बंदोबस्तावर ठपका ठेवणारा मजकूर वगळला होता. त्या वर्तमानपत्राने पहिल्या पानावर माफी मागितली तेव्हा तेवीस वर्षं उलटली होती. २०१६ मध्ये ज्युरीने निकाल दिला की हे मृत्यू बेकायदेशीर होते आणि चाहत्यांच्या वागण्याचा त्यात काहीही वाटा नव्हता. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण इतक्या शब्दशः खरी झालेली मी दुसरीकडे पाहिली नाही. ज्यांची मुलं त्या जाळीवर गेली त्यांना मुलांसाठी रडण्याआधी मुलं चोर नव्हती हे सिद्ध करावं लागलं.

ते छापणं इतकं सोपं का गेलं, हा प्रश्न मला जास्त छळतो. उत्तर चार वर्षं आधीच्या एका अग्रलेखात आहे. मे १९८५ मध्ये ब्रॅडफर्डच्या मैदानावर लाकडी स्टँडला आग लागून ५६ जण गेले. त्यानंतरच्या आठवड्यात ‘संडे टाइम्स’ने फुटबॉलचं वर्णन केलं ते असं की हा झोपडपट्टीचा खेळ, झोपडपट्टीसारख्या मैदानांवर खेळला जाणारा आणि दिवसेंदिवस झोपडपट्टीच्या माणसांनीच पाहायचा. त्या काळात स्टेडियममधली हाणामारी खरी होती, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ‘काही जण मारामारी करतात’ यावरून ‘हे लोकच असले’ इथपर्यंत मजल गेली, की पुढच्या दुर्घटनेत दोषी कोण हे विचारावं लागत नाही. उत्तर आधीपासून तयार असतं, नावं तेवढी भरायची.

आणि हे जुन्या काळापुरतं राहिलेलं नाही. २८ मे २०२२, पॅरिस, चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, पुन्हा लिव्हरपूल. प्रवेशद्वारांबाहेर हजारो माणसं तासन् तास अडकली, लहान मुलांसकट अश्रुधूर खाल्ला, आणि स्टेडियमच्या मोठ्या पडद्यावर झळकलं की चाहते उशिरा आल्यामुळे सामना उशिरा सुरू होत आहे. फ्रान्सच्या गृहमंत्र्यांनी सांगितलं की तीस ते चाळीस हजार इंग्लिश चाहते तिकिटाविना किंवा बनावट तिकिटं घेऊन आले होते. प्रवेशद्वारांवर प्रत्यक्ष सापडलेली बनावट तिकिटं तीन हजारांच्याही आत होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये युएफाने, म्हणजे ही स्पर्धा भरवणाऱ्या युरोपीय फुटबॉल संघटनेने, स्वतःच नेमलेल्या स्वतंत्र समितीने मुख्य जबाबदारी युएफाची असल्याचं म्हटलं. या वेळी खोटं तेवीस वर्षं टिकलं नाही. कारण प्रत्येकाच्या हातात मोबाइल होता, आणि तिथे हजर असलेल्या काही क्रीडा पत्रकारांनी जे पाहिलं ते त्याच रात्री लिहिलं. ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवते. पुढे तिचं काम आहे.

खेळाडूंच्या बाबतीतही हेच. जून १९९२ मध्ये स्वीडनकडून इंग्लंड २-१ हरलं आणि प्रशिक्षक ग्रॅहम टेलर यांचं डोकं सलगमच्या कंदाच्या जागी बसवून छापलं गेलं. त्यांच्या डावपेचांवर लिहिण्यासारखं भरपूर होतं. भर सामन्यात गॅरी लिनेकरला बाहेर काढण्याच्या निर्णयावरच एक अख्खा लेख झाला असता. लोकांच्या लक्षात राहिला तो सलगम, आणि तो त्या माणसाला आयुष्यभर चिकटला. डिसेंबर २०१८ मध्ये रहीम स्टर्लिंगने दोन बातम्या शेजारी शेजारी ठेवून जगाला दाखवल्या. मँचेस्टर सिटीच्या दोन तरुण खेळाडूंनी आपापल्या आईसाठी घर घेतलं होतं. गोऱ्या फिल फोडनच्या बातमीत आईसाठी घर घेणारा गुणी मुलगा होता. कृष्णवर्णीय टोसिन अदराबायोच्या बातमीत आठवड्याचा पगार होता, महालाची किंमत होती, आणि लीगमध्ये एकदाही सुरुवातीपासून न खेळता एवढा खर्च, असा सूर होता. स्टर्लिंगने टीका थांबवा असं म्हटलंच नाही. दोघांना एकाच मापाने मोजा, एवढंच त्याचं म्हणणं होतं. मला वाटतं, चाहत्यांची सगळी मागणी त्या एका वाक्यात मावते.

आता आमच्या बाजूचं. चाहत्याचा डोळा निष्पक्ष नसतो, आणि हे मान्य केल्याशिवाय मी हा लेख पुढे नेणार नाही. १९५१ मध्ये अमेरिकन फुटबॉलचा एक अतिशय धसमुसळा सामना डार्टमथ आणि प्रिन्सटन या दोन विद्यापीठांत झाला. हॅस्टॉर्फ आणि कॅन्ट्रिल या संशोधकांनी नंतर दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना सामन्याचं तेच चित्रीकरण दाखवून नियमभंग मोजायला सांगितलं. डार्टमथच्या विद्यार्थ्यांना आपल्या संघाचे जेवढे नियमभंग दिसले, त्याच्या दुपटीहून जास्त प्रिन्सटनच्या विद्यार्थ्यांना दिसले. चित्रफीत एकच. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. बातम्यांचंही असंच होतं. १९८५ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी एका राजकीय संघर्षाचं टीव्हीवरचं वार्तांकन दोन्ही बाजूंच्या लोकांना दाखवलं, तर तेच वार्तांकन आपल्या विरोधात झुकलेलं आहे असं दोन्ही बाजूंना वाटलं.

यातून मी सुटलेली नाही. मागे एका प्रतिस्पर्धी संघाच्या प्रशिक्षकांची अशीच कापलेली क्लिप मी आमच्या ग्रुपवर टाकली होती, वर दोन शब्द माझे घालून. पूर्ण पत्रकार परिषद ऐकायला मला सोळा मिनिटं लागली असती. ती मी दिली नाहीत. ग्रुपमधल्या एकाने नंतर पूर्ण व्हिडिओ टाकला तेव्हा लाज वाटली. आमच्या संघाबाबत जे झालं की मी पेटून उठते, तेच मी दुसऱ्याच्या संघाबाबत केलं होतं.

म्हणून प्रत्येक वेळी पेटून उठण्याआधी स्वतःला विचारायला हवं की हे टोचतंय ते खोटं आहे म्हणून, की खरं आहे म्हणून? इटलीचा १९८२ चा विश्वचषक इथे मला आठवतो. पहिल्या फेरीत पोलंड, पेरू आणि कॅमेरून, तिघांशी बरोबरी. तीन सामन्यांत मिळून गोल दोन. इटालियन वर्तमानपत्रांनी प्रशिक्षक एन्झो बेआर्झोत यांना सोलून काढलं. सामनेनिश्चितीच्या प्रकरणात दोन वर्षांची बंदी भोगून नुकत्याच परतलेल्या पावलो रॉसीला संघात का घेतलं, असा प्रश्न विचारला. बातम्या खेळाडूंच्या खासगी आयुष्यात शिरल्या तेव्हा संघाने पत्रकारांशी बोलणंच बंद केलं. फक्त चाळीस वर्षांचा कर्णधार दिनो झॉफ तेवढा बोलायचा. पुढे अर्जेंटिना, ब्राझील, पोलंड आणि अंतिम फेरीत पश्चिम जर्मनी असे सगळे हरवून इटली विजेती ठरली. रॉसीने सहा गोल केले, त्यांतले तीन एकट्या ब्राझीलला.

या कथेवरून लोक दोन निष्कर्ष काढतात, आणि मला दोन्ही पटत नाहीत. एक असा की हीन टीकेनेच संघ पेटला, तेव्हा टीका हीन असली तरी उपकारक. असं असतं तर ग्रॅहम टेलर यांच्या इंग्लंडनेही १९९४ च्या विश्वचषकाला पात्र व्हायला हवं होतं. दुसरा असा की सगळ्या पत्रकारांची तोंडं खोटी पडली. तेही खरं नाही. तीन बरोबऱ्यांवर टीका योग्यच होती. रॉसीची बंदी ही वस्तुस्थिती होती आणि त्याच्या निवडीचा जाब विचारणं हे पत्रकाराचं कामच होतं. रेषा ओलांडली गेली ती खासगी गोष्टींवर कुजबुज छापली तिथे.

ही रेषा चाहत्यांनीही सोडता कामा नये, कारण आमच्या रागाचा फायदा घ्यायला तिसराच कोणी तरी टपलेला असतो. क्लबचे मालक. ‘मीडिया आपल्या विरोधात आहे’ हे वाक्य त्यांना फार सोयीचं जातं. ऑक्टोबर २०१३ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसल क्लबच्या चाहत्यांनी मालकाविरुद्ध मोर्चा काढला, स्थानिक वर्तमानपत्रांनी तो छापला, आणि क्लबने त्या वर्तमानपत्रांच्या बातमीदारांना प्रवेशच बंद केला. तेव्हा चाहत्यांच्या बाजूने कोण उभं होतं आणि चाहत्यांचा आवाज कोणाला खुपला, हे स्पष्ट दिसलं. बातमीदारांना हाकलून सगळी माहिती क्लबच्या स्वतःच्या चॅनेलवरून मिळू लागली, तर आमच्या कर्णधाराचे फोटो नेहमी हसरेच येतील. क्लबवर कर्ज किती, तिकिटं का महागली, युवा संघाचा प्रशिक्षक का गेला, हे मात्र कधीच कळणार नाही. मला खुशामतखोर बातम्या नकोत. त्या आमच्याच मुळावर येतील.

उलट लिव्हरपूलकरांनी काय केलं ते बघा. त्यांनी वाचणं थांबवलं नाही, ‘द सन’ हे एक वर्तमानपत्र घेणं थांबवलं, आणि तीन दशकांहून जास्त काळ थांबवलं. आजही तिथली कित्येक दुकानं तो अंक ठेवत नाहीत. फेब्रुवारी २०१७ मध्ये लिव्हरपूल क्लबने त्या वर्तमानपत्राच्या बातमीदारांना आपल्या मैदानावर बंदी घातली. एप्रिलमध्ये त्याच वर्तमानपत्रातल्या एका स्तंभानंतर कट्टर प्रतिस्पर्धी एव्हर्टननेही घातली. क्लबांनी बातमीदारांना दार बंद करण्याच्या मी विरोधात आहे, पण न्यूकॅसलची बंदी आणि ही बंदी एका पारड्यात घालता येत नाही. एकीत मालक चाहत्यांपासून लपत होता. दुसरीत क्लब अखेर आपल्या चाहत्यांच्या मागोमाग आला, आणि तोही अठ्ठावीस वर्षांनी.

याच्या उलट टोकाला लंडनच्या मिलवॉल क्लबचे चाहते आहेत. सत्तरच्या दशकात त्यांच्यावर गुंडांचा शिक्का बसला, आणि काही घटनांनी तो पक्काही केला. त्यांनी मग आपण कोणालाच आवडत नाही आणि आपल्याला त्याची पर्वाही नाही, हेच स्टँडमधलं गाणं करून टाकलं. त्यामागचा ताठा मला समजतो. पण ज्या बापाला पोराला घेऊन शांतपणे सामना पाहायचा आहे त्यालाही तो शिक्का मिरवावा लागतो, आणि ज्याला खरोखर दांडगाई करायची आहे त्याला आयता आडोसा मिळतो. वाईट बातमीने होणारं हे सर्वांत खोलवरचं नुकसान : आपल्याबद्दल जे लिहिलं, तसंच व्हायचं लोक ठरवून टाकतात.

मग मागायचं काय? फार नाही. जिथे चूक छापली तिथेच, तेवढ्याच आकारात दुरुस्ती. पहिल्या पानावरच्या मथळ्याचा खुलासा आतल्या पानाच्या तळाशी चार ओळींत येतो, किंवा वेबसाइटवर मजकूर गुपचूप बदलला जातो आणि बदलल्याची नोंदही राहत नाही. फोटोखाली तो कितव्या मिनिटाचा आहे हे लिहा. क्लिप कापली असेल तर पूर्ण वक्तव्याचा दुवा द्या. ‘निकटवर्तीयांच्या म्हणण्यानुसार’ लिहायचं असेल तर निदान एवढं तरी सांगा की तो निकटवर्तीय मैदानात होता, कार्यालयात होता की एजंट होता. आणि ज्याने सामना पाहिला त्याच्याकडे मथळा एकदा दाखवून घ्या. यातल्या एकाही गोष्टीला जास्तीचा पैसा लागत नाही.

कोरड्या जर्सीच्या त्या फोटोबद्दल मी त्या वर्तमानपत्राला लिहिलं. सामन्याची वेळ दिली, पाऊस कितव्या मिनिटाला सुरू झाला ते लिहिलं, पूर्वार्धातला आणि उत्तरार्धातला असे दोन फोटो जोडले. नाव छापू नका, फक्त फोटोखालची ओळ बदला, एवढंच मागितलं. उत्तर आलं नाही. ओळ अजून तशीच आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा लिहिणार आहे.